फीत लेवीयच्या पाचव्या अध्यायात अडकली आहे

आलेलं पत्र

मावशी, ख्रिस्तात सलाम. माझं वय 34. मूळचा श्रीरामपूरकडचा, आता बरीच वर्षं चाकणला एका कारखान्यात मशीनवर आहे. घरी बायको आणि सहा वर्षांची मुलगी. दर 31 डिसेंबरला रात्रीच्या उपासनेत मी ठरवतो की यंदा पवित्र शास्त्र पूर्ण वाचायचं. रोज तीन अध्याय, रविवारी पाच. उत्पत्ती होतं, निर्गम होतं. जानेवारी संपता संपता तिसरं पुस्तक लेवीय लागतं, सगळं अर्पणांच्या नियमांचं, त्यातच पाळी बदलते, दोन दिवस सुटतात, मग चार, मग पुस्तक मिटतो. गेली चार वर्षं पानात खुणेला घालायची फीत लेवीयच्या पाचव्या अध्यायात आहे. पहिली, दुसरी, तिसरी पाळी दर आठवड्याला फिरते, त्यामुळे प्रार्थनेची वेळ ठरत नाही. आई गावी पहाटे चारला उठून गुडघ्यावर बसते. तिची आठवण आली की लाज वाटते.

आमच्या लाइनवरच्या एका कंत्राटी पोराचा हात प्रेसमध्ये सापडला, दोन बोटं गेली. मी त्याला म्हणालो, तुझ्यासाठी प्रार्थना करतो. केली नाही. भेटायलाही गेलो नाही. दीड महिना झाला. एक मित्र म्हणतो, तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं आहे, मग एवढी शिस्त कशाला? ऐकून बरं वाटतं, पण झोप लागत नाही. मी नावाचाच ख्रिस्ती आहे का?

एक वाचक, चाकण

उत्तर

बाळा, ख्रिस्तात सलाम.

फीत जिथं अडकली आहे तिथून फक्त पान उलट. लेवीयचा सहावा अध्याय काढ आणि बारावं, तेरावं वचन वाच. बाकीचं आज नको. वेदीवरचा अग्नी जळत राहिला पाहिजे, तो विझू द्यायचा नाही, याजकानं रोज सकाळी त्यावर लाकडं घालायची, असं तिथं सांगितलं आहे. चार वर्षं तू ज्या दारापर्यंत येऊन परत फिरतो आहेस, त्याच्या आतच तुझ्या पत्राचं उत्तर ठेवलेलं आहे. हे लिहिताना मला भरून येतं आहे.

आता नवव्या अध्यायाच्या शेवटी जा. पहिला मुख्य याजक अहरोन पहिल्यांदा अर्पण करतो तेव्हा परमेश्वरापासून अग्नी निघाला आणि त्यानं वेदीवरचं अर्पण भस्म केलं, असं लिहिलं आहे. म्हणजे ही आग देवानं दिलेली. पण लाकडं काही त्यानं आकाशातून टाकली नाहीत. ती कुणीतरी तोडली, कुणीतरी वाहून आणली आणि याजकानं रोज सकाळी रचली. त्या याजकाला कधी कंटाळा आला नसेल का? पाठ दुखली नसेल का? तरी लाकूड पडत राहिलं. तुझ्या मित्राला हे दाखव. लाकूड घातल्यानं आगीची किंमत चुकती होत नाही, ती फुकटच मिळालेली असते. पण लाकूड घातलं नाही तर वेदी गार पडते.

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी आणि नववी वचनं आपल्या मंडळीत लहान मुलांनासुद्धा तोंडपाठ असतात. कृपेनं, विश्वासाच्या द्वारे तारण झालं आहे, कर्मांनी नाही. शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या शाळेत, आपण त्याच्यावर बक्षिसं घेतली आहेत. दहावं वचन किती जणांना येतं? आपण देवाची हस्तकृती आहोत, आणि सत्कृत्यं करण्यासाठी ख्रिस्तात निर्माण झालो आहोत, असं तिथं पत्र लिहिणारा प्रेषित पौल लागलीच सांगतो. मधे श्वाससुद्धा घेत नाही. आपण मात्र नवव्या वचनाशी थांबतो आणि मग 'शिस्त कशाला' असा प्रश्न पडतो. तुझा मित्र मनानं वाईट नसेल. तो एक वचन अलीकडे थांबला आहे, इतकंच.

आता तुझ्या आईबद्दल. तू पहाटे चारचं तिचं रूप डोळ्यांपुढं आणतोस आणि स्वतःला कमी लेखतोस. पण तिला ती सवय कशी लागली, हे तिला कधी विचारलंस का? मी तुझ्या आईला ओळखत नाही, पण त्या बाजूच्या पुष्कळ आयांना ओळखते. पहाटे उठायचं ते पाण्यासाठी, चुलीसाठी, कामावर जाण्याआधी भाकरी थापून ठेवण्यासाठी. चूल पेटवायला गुडघ्यावर बसावंच लागायचं. तिथंच प्रार्थना सुरू झाली. माझ्या आजीचं तर मी स्वतः पाहिलं आहे. रात्री ती निखारे राखेखाली झाकून ठेवायची. सकाळी राख अलगद बाजूला सारली की खाली लाल ठिपका दिसायचा. मग दोन काटक्या, गोवरीचा तुकडा आणि फुंकणी. फुंकता फुंकता तिचं 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' चालू असायचं, आणि 'आमची रोजची भाकर' म्हणेपर्यंत बहुधा जाळ धरलेला असायचा. आजी लेवीयमधलं ते वचन वाचायला शिकली नव्हती. तिला अक्षरओळखच नव्हती.

त्याच सहाव्या अध्यायात याजकाला आणखी एक काम दिलं आहे, आणि लाकडांच्या नादात आपण ते विसरतो. राख काढायची. त्यासाठी त्यानं तागाची वस्त्रं घालायची, राख काढून वेदीपाशी ठेवायची, मग कपडे बदलून ती छावणीबाहेर नेऊन टाकायची. राख काढण्याच्या कामालासुद्धा पवित्र वस्त्रं! तुझ्या मनात चार वर्षांची राख साठली आहे. वाचलं नाही त्याची, बोललास आणि केलं नाहीस त्याची. तिच्यावर नवं लाकूड रचत राहिलास तर धूरच होणार. म्हणून या 31 डिसेंबरची वाट पाहू नकोस. आज रात्री देवापुढं बस आणि एकेक गोष्ट नाव घेऊन सांग. 'मी पापी आहे' असं मोघम नको. 'मी त्या पोराला शब्द दिला आणि पाळला नाही' असं सांग. मग ती राख बाहेर नेऊन टाक. ती रोज उकरत बसायची नाही.

तुझी खरी अडचण आळस आहे असं मला वाटत नाही. तू थकबाकी भरायला जातोस, तिथं घोटाळा होतो. दोन दिवस सुटले की सहा अध्याय मागे. चार दिवस सुटले की बारा. तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस एका बैठकीत बारा अध्याय वाचणार कसा? मग पुस्तक दिसलं तरी वाण्याच्या उधारीच्या वहीसारखं वाटू लागतं, आणि माणूस त्या गल्लीनं जायचंच टाळतो. देवानं तुझ्याकडे बाकी लावलेली नाही. इस्राएल लोकांना रानात देवानं दिलेलं अन्न, मान्ना, आठव. रोजचा रोज गोळा करायचा, कालचा उरवला तर किडे पडायचे. काल सुटलं ते सुटलं, आज जिथं आहेस तिथून वाच. तीन अध्यायही सध्या सोड. मार्काचं शुभवर्तमान घे, सोळा अध्याय आहेत, आणि रोज एक परिच्छेद वाच. त्यात एक वाक्य सापडलं की थांब. ते दिवसभर तोंडात घोळव. एक वर्षात पवित्र शास्त्र संपवणारी माणसं मला माहीत आहेत आणि त्यांचा मला आदर आहे, पण तुझं आजचं अन्न तेवढं नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझे यजमान गेले त्यानंतर अकरा महिने मी पवित्र शास्त्र उघडलं नाही. चाळीस वर्षं शब्बाथशाळेत शिकवलेली बाई, आणि शेल्फवरचं पुस्तक खाली काढवेना. प्रार्थनेला बसले की शब्द फुटेना. एकच गोष्ट मी सोडली नाही, तीही शहाणपणानं नव्हे, सवयीनं. रविवारी मंदिरात जाऊन शेवटच्या बाकावर बसायची. गाणं सुरू झालं की माझे ओठ मिटलेले, पण पुढच्या बाकावरच्या बायका गात असायच्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीतं लहानपणापासून कानात होती, तीच त्या गायच्या. त्या अकरा महिन्यांत माझ्या वाटचं लाकूड त्यांनी घातलं, असंच मी मानते. मग एके दिवशी तेराव्या स्तोत्रावर बोट पडलं. सहाच वचनं. 'हे परमेश्वरा, कुठवर?' अशी त्याची सुरुवात आहे. एवढंच मला म्हणता येण्यासारखं होतं, आणि ते म्हणता येईल असं लिहून ठेवलेलं होतं. तिथून मी परत सुरू केलं, एका स्तोत्रानं. मागचे अकरा महिने भरून काढले नाहीत.

आता पाळीचं बघू, कारण तुझ्या आयुष्याची घडी तिच्यावर बसते. वेळ ठरत नाही म्हणतोस. खरं आहे, सकाळी सहाची पहिली पाळी आणि रात्री दहाची तिसरी यांना एकच घड्याळ लागू पडत नाही. मग घड्याळाला बांधू नकोस. तिन्ही पाळ्यांत सारखं काय असतं? कंपनीची बस असते. जेवणाची सुट्टी असते. आणि पाळी सुटल्यावर हात धुणं असतं. मशीनवरच्या माणसाचे हात पाण्याच्या एका धारेखाली स्वच्छ होत नाहीत, हे मला माझ्या भावामुळे माहीत आहे. तो साबणाच्या भुकटीनं नखांच्या कडा चोळत उभा राहायचा. तेवढ्या वेळात प्रभूची प्रार्थना, माझी आजी म्हणायची तीच, सावकाश, एकेक मागणी घेत, म्हणून होते. 'आमची ऋणं आम्हाला सोड' म्हणताना हातावरून काळं पाणी वाहत असेल. त्याहून चांगली जागा मला सुचत नाही.

बसमध्ये बसलास की मोबाइल हातात घेण्याआधी एक स्तोत्र. दीडशे स्तोत्रं आहेत, रोज एक घेतलं तर पाच महिने पुरतात. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी एका माणसाचं नाव देवापुढं घे. फक्त एकाचं. असं तीन वेळा झालं. यात नवीन काही नाही. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, तेही राजानं मनाई हुकूम काढल्यावर, खिडक्या उघड्या ठेवून. आणि अगदी सुरुवातीच्या मंडळीच्या शिकवणुकीचं एक छोटं पुस्तक आजही उपलब्ध आहे, त्यात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा, असं साध्या शब्दांत सांगितलं आहे. ती माणसंही कामकरी होती. दासही होते त्यांच्यात. त्यांना कुणी पहाटेचा निवांत तास देत नव्हतं.

आणि तिसरी पाळी आली की देवापासून लांब गेल्यासारखं वाटून घेऊ नकोस. आपल्या प्रभूच्या जन्माची वार्ता पहिल्यांदा कुणाला मिळाली? बेथलेहेमच्या रानात रात्रीचा पहारा करणाऱ्या मेंढपाळांना. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात गात होते ते मध्यरात्री. आणि तुझ्यासाठी एक अख्खं स्तोत्रच आहे, 134 वं. तीनच वचनं. रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभे राहणाऱ्या सेवकांसाठी ते लिहिलं आहे. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते पाठ कर. रात्री दोन-अडीचला, झापड येते त्या वेळी, म्हणून बघ. मशीन चालू असताना डोळे मिटायचे नाहीत, हे मात्र आई म्हणून सांगते. लक्ष कामावर ठेवणं हीसुद्धा त्या वेळची उपासनाच आहे.

तिसऱ्या पाळीहून आल्यावर झोप. गुडघ्यावर बसून पेंगण्यापेक्षा 'प्रभू, तुझ्या हाती' म्हणून आडवा हो. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं दिलं, तो परत झोपला, परत उठवून परत खायला घातलं. होरेबाचा डोंगर, जिथं देव त्याच्याशी बोलला, तो त्यानंतर.

रविवार चुकतो हेही कळतं. ज्या आठवड्यात रविवारी कामावर जावं लागतं, त्या आठवड्यात घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेला जा. तुझ्या पाळकांना तुझं पाळीचं वेळापत्रक कागदावर लिहून दे. गंमत नाही करत, खरंच दे. आपण पाळकांना दुखणी सांगतो, मुलांची लग्नं सांगतो, आणि आपला आठवडा कसा जातो हेच सांगत नाही. आणि एक सोबती शोध. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांनी 1742 मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला साधारण बाराजणांचे गट केले, ते मुळात प्रार्थनामंदिराचं कर्ज फेडायला दर आठवड्याला एक पेनी गोळा करण्यासाठी. पेनी मागायला माणूस घरोघरी गेला आणि त्याला माणसांची खरी हालत कळली. तिथूनच एकमेकांना 'तुझ्या जिवाचं कसं चाललंय' असं विचारण्याची रीत पडली. तुझ्या बसमध्ये आणखी एखादा ख्रिस्ती भाऊ असेलच. दर शनिवारी त्याला दोन प्रश्न विचार आणि त्यानं तुला विचारावे. या आठवड्यात काय वाचलंस? कुणासाठी काय केलंस?

चिकाटी म्हटलं की माझ्यासमोर केडगाव येतं. तुझ्यापासून काही फार लांब नाही, दौंड तालुक्यातच. कधी सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन मुक्ती मिशनला, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकामुलींसाठी उभारलेल्या आश्रमात, जाऊन ये. रमाबाईंनी तिथं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून. सुमारे 18 वर्षं ते काम चाललं. विचार कर, संस्कृतची पंडिता, जिनं भल्याभल्या शास्त्र्यांना थक्क केलं, ती उतारवयात नव्या भाषा शिकत बसली, आणि लिहिलं ते अक्षरशत्रू बाईलाही ऐकून समजेल असं. त्याच वर्षांत शेकडो बायकामुलींचं खाणंपिणं, शाळा, आजारपणं, सगळं तिच्या अंगावर. आणि छपाईचे खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या हातांत दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींचे हात होते. 1921 मध्ये एकुलती एक लेक, मनोरमा गेली. तिच्याच भरवशावर पुढचं सगळं होतं. रमाबाईंनी त्यानंतरही प्रुफं हातातली सोडली नाहीत. एप्रिल 1922 मध्ये त्यांनी देह ठेवला तेव्हा भाषांतराचं काम पुरं झालं होतं.

मला त्यांच्या मोठेपणापेक्षा एक साधी गोष्ट जास्त हलवते. लेक गेल्यावर दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या दिवशी त्या कुठल्या वचनाचं प्रूफ तपासत असतील? काही वचनं अशी आहेत, की त्या अवस्थेत वाचवत नाहीत. त्यांना ती वाचून, काना-मात्रा बघून, पुढं पाठवावी लागली असतील. मला त्या अकरा महिन्यांत ते जमलं नाही. म्हणून मी त्यांच्याकडे बघते.

आता त्या मुलाकडे येऊ. तुझ्या पत्रात त्याच्याबद्दल चारपाच छोटी वाक्यं आहेत, पण पत्र खरं तर तिथंच आहे. लेवीयचं दुखणं त्या मानानं हलकं.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तुला ठाऊक आहे. भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला महाग आहे, आणि तुमच्यातला कुणी म्हणतो, सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर खा. पण लागणारं काहीच देत नाही, तर काय उपयोग? 'तुझ्यासाठी प्रार्थना करतो' हे आपलं आजचं 'ऊब घ्या, पोटभर खा' झालं आहे. मीही असं कितीतरी जणांना म्हटलं आणि घरी येऊन विसरले. मग मी एक उपाय केला. स्वयंपाकघरात किराण्याच्या यादीची एक वही असते, तिच्याच मागच्या पानांवर नावं लिहायला लागले. ज्याला शब्द दिला त्याचं नाव त्याच दिवशी. शेजारी रकाना, 'काय केलं'. त्या पानांना हळदीचे डाग आहेत, तेलाचे आहेत, काही नावं पुसट झाली आहेत. आणि दुसरा रकाना कोरा दिसला की पोळी लाटतानासुद्धा टोचतो. प्रार्थना आणि काम यांच्यामध्ये माझ्याकडे तेवढी एक उभी रेघ आहे.

म्हणून या आठवड्यात जा. फोन नको, जा. जाताना केळी ने, नाहीतर घरचं काही ने, रिकाम्या हातानं जाऊ नकोस. पहिलं वाक्य हे म्हण, 'मी प्रार्थना करतो म्हणालो होतो, केली नाही, माफ कर.' तो ख्रिस्ती असो नसो, हे वाक्य त्याला कळेल. तो रागावेल कदाचित. रागावू दे. मग बस आणि ऐक. आपल्या विश्वासाची साक्ष देण्याची घाई करू नकोस. दोन बोटं गेलेल्या माणसाला सकाळी शर्टची बटणं लावता येतात का, हे विचार.

आणि मग कागदांचं विचार. इथं तू त्याच्या खरंच कामी येऊ शकतोस, कारण तुला कारखान्यातली माणसं आणि खाती माहीत आहेत, आणि कंत्राटी पोरं बोलायला घाबरतात. अपघाताची नोंद झाली का? पगार महिना 21,000 रुपयांच्या आत असेल तर तो कंत्राटी असला तरी ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, असायला हवा. कामावर इजा झाली तर उपचारांच्या काळात सरासरी रोजाच्या 90 टक्के रक्कम मिळते, आणि बोटं कायमची गेली असतील तर त्याचा लाभ वेगळा, त्यासाठी वैद्यकीय मंडळापुढं जावं लागतं. ईएसआय नसेल तरी नुकसानभरपाईचा हक्क कायद्यानं आहे. कंत्राटदार 'बघू, बघू' करत असेल तर युनियनच्या किंवा कामगार कार्यालयाच्या दारापर्यंत त्याच्यासोबत चालत जा. तुझी एक रजा जाईल. उपास म्हणजे काय, असा प्रश्न यशयाच्या 58 व्या अध्यायात देवानंच विचारला आहे आणि उत्तरही दिलं आहे. बंधनं सोडणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतली देणं. पुढच्या उपासाच्या काळात तू मांसाहार सोडलास नाही सोडलास, ती रजा देवापाशी जमा होईल असं मला मनापासून वाटतं.

त्या दिवशीचं वाचनही हेच समज. बसमध्ये याकोबाचा दुसरा अध्याय उघडायचा आणि उतरलास की तो चालायला लागायचा.

तू विचारतोस, मी नावाचाच ख्रिस्ती आहे का. प्रभूला अटक झाली त्या रात्री त्याचाच शिष्य पेत्र, त्यानं कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभं राहून प्रभूला नाकारलं. पुढं, पुनरुत्थानानंतर, तिबिर्याच्या सरोवराकाठी प्रभूनं स्वतः कोळशाचा विस्तव पेटवून, मासळी ठेवून, पेत्राला न्याहारीला बोलावलं. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव या दोनच ठिकाणी येतो. पेत्राला तो वास ओळखीचा वाटला असणार. तिथं प्रभूनं त्याला 'असं का केलंस' हे विचारलं नाही. 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' असं तीनदा विचारलं, आणि प्रत्येक उत्तरानंतर एक काम दिलं. माझी कोकरं चार. माझी मेंढरं पाळ. तुला झोप लागत नाही, याचा अर्थ तो प्रश्न तुझ्या कानावर पडतो आहे. निव्वळ नावाच्या माणसाला तो ऐकू येत नाही.

घरात मात्र जपून. माणूस नव्यानं शिस्त लावून घेतो आणि पहिला हुकूम बायकोवर सोडतो, असं मी फार पाहिलं आहे. तिला कार्यक्रम आखून देऊ नकोस. मुलीला झोपवताना घरी असशील त्या रात्री तिच्या पलंगाशी बस आणि तिला प्रार्थना करू दे, तू नुसता 'आमेन' म्हण. ती ज्याच्या ज्याच्यासाठी मागेल, कुत्र्यासाठी, मोडलेल्या पेन्सिलीसाठी, त्या सगळ्याला. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात हे जमणार नाही. तिसऱ्याच्या जमेल, निघण्याआधी.

आणि पुन्हा सुटेल, हे आत्ताच सांगून ठेवते. दिवाळीच्या गर्दीत सुटेल, गावी गेलास की सुटेल, ताप आला की सुटेल. सुटलं की त्याच दिवशीच्या बसमध्ये, त्याच दिवशीचं स्तोत्र. मागचं मोजायचं नाही.

लेवीयही वाच कधीतरी. सहाव्या अध्यायाच्या पुढं पुष्कळ आहे, एकोणिसाव्यात तर शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी ठेवा असं आहे, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा तिथंच, त्याच अध्यायात आहे. फीत तिथवर न्यायला दोन वर्षं लागली तरी चालेल.

तुझं नाव तू लिहिलं नाहीस, म्हणून मी वहीत 'चाकण, तिसरी पाळी' असं लिहिलं आहे. त्याखाली 'चाकणचा मुलगा, हात'. दोन्हींपुढचा रकाना सध्या कोरा आहे. तू जाऊन आलास की त्याचा हात कसा आहे ते मला कळव.

तुझी मावशी